ओसरीवरून रायपूर

आमच्या शेजारचे रेवारामकाका गेलं वर्षभर रोज सकाळी सहा वाजता ओसरीवरून रायपूरला जात. अकराच्या सुमारास पोहोचत, हातपाय धुऊन जेवत आणि आतल्या खोलीत झोप काढत. परतीचा प्रश्न नसे, कारण ते दवनीवाड्यातून हललेलेच नसत.

त्यांच्या ओसरीत ट्रकची एक जुनी सीट आहे, दोन फळ्यांवर नटबोल्टनं पक्की बसवलेली. समोर क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलेटर, तिन्ही भंगारातून आणलेले, खाली स्प्रिंगा लावलेले. डाव्या हाताशी गिअरचा दांडा. स्टिअरिंग मात्र नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हात कायले बसवू कामाले? हात कुठं बिमार आहेत?"

बिमार होते ते गुडघे. चाळीस वर्षं गोंदियाचा तांदूळ ट्रकनं देशभर पोहोचवून काकांचे दोन्ही गुडघे झिजले. मग ते बदलले. डावा आधी, दिवाळीनंतर. उजवा चार महिन्यांनी. काका डावा-उजवा म्हणत नाहीत. "क्लच नवीन बसवला, ब्रेकचं काम होळीले आहे," असं सांगत. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "जुना माल कुठं आहे?" गॅरेजची रीतच आहे ती. पार्ट बदलला की जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, नाहीतर मिस्त्रीनं खरंच बदलला हे कळणार कसं? डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी खूप समजावलं. शेवटी आधीचा आणि नंतरचा असे दोन एक्सरे देऊन सुटका करून घेतली. ते आता ओसरीच्या भिंतीवर टांगलेले आहेत, विकलेल्या ट्रकच्या फोटोशेजारी.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं त्यांना पाय शंभर वेळा वाकवायला, शंभर वेळा सरळ करायला सांगितलं. काका तिला म्हणाले, "बेटा, बसल्या जागी शंभर वेळा पाय हलवणं येड्याचं काम आहे. मी रायपूरले जातो. तेवढेच क्लच लागते." तिला तो विनोद वाटला. तिसऱ्या दिवशी काकांनी भंगारवाल्याकडून सीट आणवली.

मी शाळेतला निवृत्त मराठीचा शिक्षक. माझी ओसरी त्यांच्या ओसरीला लागून, मध्ये हातभर उंचीची भिंत. त्यामुळे हा प्रवास मी रोज पाहिला. माझ्या हातात पुस्तक असे. पानं फारशी उलटत नसत. आदल्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझी पत्नी सुजाता गेली, आणि त्यानंतर माझं वाचन असंच झालं होतं.

निघण्याआधी काका हातात लोखंडी रॉड घेत आणि सीटभोवती एक फेरी मारत. टायर ठोकून बघायची ती सवय. ओसरीत टायर नसल्यामुळे ते जपून स्वतःच्या नळग्यांवर टकटक करत आणि कान देऊन ऐकत. "भरला आहे," असं म्हणून बसत. मग "चल बेटा". घरात पोवारी, गावात झाडी बोली आणि गाडीशी हिंदी, अशी त्यांची भाषेची वाटणी आहे.

गोंदियाचं फाटक लागलं की गाडी बंद. मालगाडी मोठी असेल तर काका पंधरा मिनिटं नुसते बसून राहत. मग गोरेगाव, कोहमारा, मासुलकसाचा घाट, देवरी, बाघनदी ओलांडली की छत्तीसगड. घाटातल्या वळणांवर तोंडानं हॉर्न. सुरुवातीला गल्लीतल्या बकऱ्या बुजायच्या, पुढे त्याही सरावल्या. काकू झाडू घेऊन आल्या की पाय उचलायला सांगत.

"अवो, पाय उचला."

"घाटात आहो. थांब जराशी."

"घाटातच कचरा पडला आहे."

"मागून गाडी येऊन राहिली, काशी. देवरीले थांबतो, तवा झाड."

आणि काकू खरंच देवरीपर्यंत थांबत. तेवढ्यात चहा ठेवून येत.

एके दिवशी मला राहवलं नाही. फोनवर नकाशा उघडून मी माझ्या ओसरीत बसलो आणि घड्याळ लावून काकांच्या मागोमाग निघालो. त्यांच्याजवळ ना नकाशा ना घड्याळ. डोळे अर्धे मिटलेले. पण कुठं चढ, कुठं उतार, कुठल्या गावाआधी गतिरोधक आणि त्यांतला कुठला मोडलेला, हे सगळं त्यांच्या तळपायांतून येत होतं. चिचोल्याच्या थोडं आधी त्यांनी क्लच दाबून गिअर उतरवला. नकाशावर रस्ता सरळ होता. मी भिंतीवरून तसं सांगितलं.

"तिथं चिंच होती, गुरुजी. रस्त्यावर आलेली. तिले वळसा घालून जा लागे. रस्ता मोठा झाला तवा तोडली."

"मग आता वळसा कशाला?"

"झाड गेलं. पाय अजून वळते."

मी फोन बंद केला. आयुष्यभर मी पुस्तकं वाचली, मुलांकडून पाठ करून घेतली. पण एवढा लांबलचक मजकूर, त्यातल्या खोडलेल्या ओळींसकट, कुणाला पाठ असलेला मी पाहिला नव्हता.

काकांची दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, "रस्ता पायाले समजते, डोळ्याले नाई." दुसरं, "गाडी चालवणारे बहुत, ड्रायव्हर कमी." गाडी चालवणाऱ्यांत त्यांचा मुलगा मुकेश, गुडघ्याचे डॉक्टर आणि बहुतेक सगळा जिल्हा येतो. ड्रायव्हरांत मोजून चार-पाच माणसं. त्यांतली एक सुजाता.

सुजाता आरोग्य केंद्रात सिस्टर होती. तिची एक लहानशी पांढरी गाडी होती, तिनं पगारातून घेतलेली. गाडी तीच चालवी. मला येत नाही. मी तिच्या डाव्या बाजूला बसून वाचत असे. काकांचे गुडघे बदलले पाहिजेत हे तिनंच पहिल्यांदा सांगितलं, आणि ते ऐकेनात तेव्हा एका सकाळी त्यांना गाडीत घालून गोंदियाला एक्सरे काढायला नेलं. काका तिच्या शेजारी बसले होते, मी मागे. निम्मा रस्ता ते समोरच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होते. गोंदिया जवळ आलं तेव्हा त्यांचा पाय शांत झाला. उतरल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, सिस्टरबाई ड्रायव्हर आहे. क्लचवर पाय ठेवून बसत नाई."

सुजाताला मी ते सांगितलं. ती हसली, पण मग आठवडाभर जरा ताठ बसून गाडी चालवत होती. काकांना म्हणाली, "काका, गुडघे करून घ्या. तुमचा ट्रक नाही तर नाही, रायपूरला माझी गाडी न्या. फक्त मला विचारून न्या."

ऑपरेशन व्हायच्या आत ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, लोक चांगलं बोलले. काका काठी टेकत आले, शेवटपर्यंत मागे बसून राहिले. निघताना माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "गाडी बंद ठेवू नका. बॅटरी उतरते." मी म्हणालो, मला चालू करता येत नाही. त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली. तेव्हापासून दर रविवारी काका आमच्या अंगणात येत, गाडीवरचं कापड काढत, एक पाय दाराबाहेर ठेवून अर्धवट बसत आणि पंधरा मिनिटं इंजीन चालू ठेवत. दोन्ही ऑपरेशनांच्या वेळी दोन-तीन रविवार चुकले, तर मुकेशला पाठवलं. येण्याआधी त्याला ताकीद दिली होती, "बसजो नोको. बाहेरून चाबी फिरवजो."

त्या ताकिदीचं कारण मला माहीत होतं, किंवा तसं वाटत होतं. मुकेशनं एकदा फरशी धुताना ओसरीतली सीट चार बोटं सरकवली, तर काका त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. ड्रायव्हरची सीट ही फार मोठी गोष्ट असते असं ते सांगत. "दुसऱ्याची सीट त्याले विचारल्याबिगर हलवायची नाई." त्यांच्या उमेदीत त्यांच्या गाडीवर एक पंजाबी उस्ताद, म्हणजे मोठा ड्रायव्हर होता, काकांहूनही हातभर उंच. तो टायफॉइडनं रायपूरच्या दवाखान्यात पडला. काकांनी त्याची गाडी पंधरा दिवस एकट्यानं चालवली, पाठीमागं तांदळाची रिकामी पोती दुमडून ठेवून. सीट पुढे घेतली नाही. "तो बेहोश होता," काका म्हणाले, "विचारू कोणाले?"

तेव्हा मी हसलो होतो.

यंदा धान कापून झालं आणि काकांनी जाहीर केलं की आता खरं रायपूर. घरात वादळ उठलं. मुकेश म्हणाला, सत्तरीत आलात, बसनं जा. काका म्हणाले, बसमध्ये बसायला गुडघे कोणीही बदलत नाही. डॉक्टरांनी मात्र परवानगी दिली होती, मध्येमध्ये उतरून चाला म्हणाले होते. शेवटी काकूंनी निकाल दिला. त्यांचा निकाल मी भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकला.

"आधी कोहमाऱ्यापर्यंत जा. वापस आल्यावर गुडघा सुजला नाई तर रायपूरले जा, नाईतर दिल्लीले जा. सुजला तर ही सीट भंगारवाल्याले देईन. मग पुन्हा नाव काढाचं नाई."

"कबूल," काका म्हणाले.

गाडी अर्थात सुजाताची. काका अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून किल्ली मागायला आले. किल्ली त्यांच्याच खिशात होती, तरी मागितली.

त्या दिवशी काका रस्त्यावर चाळीसच्या वर गेले नाहीत. नवीन पार्टला आधी सांभाळून चालवायचं असतं म्हणे. सायकलवाले सोडून आम्हांला सगळ्यांनी मागे टाकलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो, आणि बराच वेळ रस्त्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होतो. एवढा उंच माणूस त्या लहान गाडीत छत्री मिटून ठेवावी तसा बसला होता. मागचं बघायचं झालं की मान खाली घालून, बगळ्यासारखी वाकवून आरशात डोकावे. मला वाटलं, ट्रकवाल्यांची हीच पद्धत असणार.

कोहमाऱ्याला धाब्यावर जुने लोक भेटले. एक म्हातारा टायरवाला उठून उभा राहिला. "रेवाराम, तू अजून आहेस काय?" काका म्हणाले, "खालून नवीन आहो. वरचं इंजीन जुनंच आहे." सगळे हसले. पण उतरताना त्यांनी दार धरून ठेवलं होतं, आणि ते लगेच सोडलं नाही. जेवण मागवलं, खाल्लं नाही. येताना गोरेगावच्या आधी दोनदा आणि नंतर एकदा थांबलो. दर वेळी ते रॉड घेऊन टायर ठोकत एक फेरी मारत. तिसऱ्या फेरीला मला कळलं की टायरसाठी ते थांबत नाहीत.

घरी पोहोचेपर्यंत डावा गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. काकूंनी बर्फ बांधून दिला, पायाखाली उशी ठेवली. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी ओसरीत येऊन बसलो. पलीकडे कोणी आलं नाही. सात वाजले. फाटक लागलं नाही, घाट लागला नाही. काकू आल्या आणि सीटखालून झाडू फिरवून गेल्या, कुणाला पाय उचलायला न सांगता. काका आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी भंगारवाला येणार होता.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी भिंतीवरून विचारलं, "यांचा खांद्यावरचा दुपट्टा गाडीत राहिला काय, गुरुजी?" मी बघायला गेलो. दुपट्टा ड्रायव्हरच्या सीटच्या पलीकडे, फटीत पडला होता. तो काढायला मला त्या सीटवर बसावं लागलं. इतक्या वर्षांत त्या बाजूनं मी कधी बसलो नव्हतो. माझे दोन्ही गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. मी काही उंच माणूस नाही. वर आरशात बघितलं, तर मागचा रस्ता दिसेना, माझा सदरा दिसला. मान खाली घातली, बगळ्यासारखी वाकवली, तेव्हा अंगणाचं फाटक दिसलं.

सुजाताची उंची माझ्या खांद्याएवढी होती.

मग दुपट्टा घेऊन शेजारी गेलो. काका जागे होते.

"काका, गाडीची सीट मागे सरकते का?"

"सरकते."

"मग सरकवली का नाही?"

"सिस्टरबाईची सीट आहे ना, गुरुजी."

"मला विचारायचं होतं."

"तुमची कुठं आहे? तुमी त बाजूले बसता." ते उठून बसले, गुडघ्यावरचं फडकं नीट केलं. "विचारून न्या म्हणाल्या होत्या. आता विचारू कोणाले?"

दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे शंभर किलोमीटर पाय पोटाशी घेऊन बसले होते? अवो, गुडघे बदलले तवा डोकंही बदलून आणा लागत होतं." एवढं म्हणून त्या आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला, पण भांडी घासण्याची ती वेळ नव्हती.

मी काकांना म्हणालो, "चला. मला दाखवा कसं करायचं ते."

काठी टेकत ते अंगणात आले. गाडीपासून दोन हात दूर उभे राहिले. "सीटखाली आडवी दांडी आहे. वर ओढा आणि पायानं मागे रेटा." मी बसलो, वाकलो, दांडी सापडली. ओढली. हातानं काही वेळ नुसती धरून ठेवली. सीट कट्‌कन मागे गेली. मग आणखी एकदा. मग आणखी एकदा. काका ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. मला "तीन" असं ऐकू आलं. कशाचे तीन ते मी विचारलं नाही.

आरसाही मीच वर केला.

भंगारवाल्याला काकूंनी फाटकातूनच परत पाठवलं. सूज उतरायला दहा दिवस गेले. मग पुन्हा कोहमारा, जाऊन-येऊन. घरी आल्यावर काकूंनी दोन्ही गुडघे हातानं चाचपले, बाजारात दुधी भोपळा बघतात तसे, आणि म्हणाल्या, "जा मंग."

रायपूरच्या त्या दिवसाबद्दल मला फार लिहिता येणार नाही. मी एरवी गाडीत वाचतो. त्या दिवशी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. वर्षभर ऐकलेला मजकूर समोरून येत होता आणि मी तो ओळखत होतो. मासुलकसाचा घाट आला, काकांनी वळणावर खरा हॉर्न दिला, आणि मला उगाच बकऱ्यांची आठवण झाली. काका सरळ बसले होते, मान उंच. आरशात नुसती नजर टाकत होते. चाळीस कधीच मागे पडलं होतं. दर तासाला उतरून ते चार पावलं चालत, टायर ठोकत, आणि हो, आवाज ऐकत. चिचोल्याच्या आधी रस्ता सरळ, रुंद होता. तिथं काहीही नव्हतं. त्यांनी क्लच दाबला, गिअर उतरवला आणि किंचित उजवीकडून गाडी काढली. मीही बसल्या जागी किंचित कललो.

रायपूरला एका धाब्यावर वरण-भात खाल्ला. काका म्हणाले, "चला. झालं." तासाभरात परत निघालो.

गावात शिरलो तेव्हा उन्हं उतरली होती. काकू फाटकात उभ्या होत्या. त्यांनी आधी गुडघे बघितले, मग तोंड.

"कसं आहे रायपूर?"

"ओसरीतून दिसते तसंच," काका म्हणाले. "भात जरा कच्चा होता."

मी घरात आलो, चहाचं आधण ठेवलं. काका चहाला येतील म्हणून दोन कप काढले. तेवढ्यात अंगणातून आवाज आला. कट्. थोड्या वेळानं, कट्. मग आणखी एक.

मी खिडकीशी गेलो. काकांनी गाडीचं दार उघडं ठेवलं होतं. सीट पुढे घेऊन झाली होती. आता ते दारातून आत झुकून, एक हात टपावर टेकून, दुसऱ्या हाताच्या बोटानं आरसा खाली करत होते. एकदा केला, पसंत पडला नाही. जरासा आणखी. मग त्यांनी मान वाकवली, तिच्या उंचीइतकी खाली आणली, आणि तिथून मागचा रस्ता नीट दिसतो का ते बघितलं.